पुळणीवरच्या पणत्या

शूर्पारक बंदरावर राजा सिंधुमित्र राज्य करीत होता, त्या फार जुन्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका तेल्याच्या घरी जन्माला आला. राजवाड्यात नाही, ऋषीच्या आश्रमात नाही, सोनेरी हरणांच्या कळपात तर नाहीच नाही. तेल्याच्या घरी. हे सांगितले की ऐकणाऱ्यांची तोंडे जरा उतरतात, कारण बोधिसत्त्व म्हटला की त्यांना राजा तरी हवा असतो, नाही तर हत्ती. असो. त्याचे नाव सोमिल होते. त्याच्याकडे एक घाणा होता, ढवळ्या नावाचा एक म्हातारा बैल होता आणि सिरिमा नावाची बायको होती. या तिघांपैकी मुकाट ऐकणारा फक्त ढवळ्या.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा कुठे आणि कोणाला सांगितली, ते शेवटी येईल. आधी कासवे.

बंदराच्या दक्षिणेला वाळूची लांबच लांब पुळण होती. थंडी पडली की समुद्रातून कासविणी रात्री त्या पुळणीवर चढत. वाळूत हातभर खोल खड्डा करीत, शंभर-सव्वाशे अंडी घालीत, वर वाळू ओढीत आणि आल्या वाटेने पाण्यात परत जात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले आपली आपण वाळूतून वर येत, तीही रात्रीच, आणि सरळ समुद्राकडे धावत सुटत. आई जवळ नाही, बाप जवळ नाही, तरी एकही पिल्लू वाट चुकत नसे. त्यांना वाट कोण दाखवते, हे शूर्पारकात कोणी कोणाला विचारले नव्हते. लोकांना अंड्यांशी मतलब होता.

अंडी काढण्यात वसुला नावाच्या म्हाताऱ्या कोळिणीचा हात धरणारे कोणी नव्हते. सकाळी वाळूवर कासविणीचा माग दिसला की ती काठी टोचत टोचत जाई, आणि काठी जिथे लोण्यात गेल्यासारखी जाई तिथे बसून उकरी. पन्नास वर्षे तिने हेच केले. तिच्या सासूनेही हेच केले होते. बाजारात अंड्यांची टोपली रिकामी व्हायला फारसा वेळ लागत नसे.

एका हिवाळ्याच्या शेवटी वसुला घाण्यावर तेल घ्यायला आली आणि ओट्यावर बसून राहिली.

"सोमिला, यंदा पुळणीवर किती माग दिसले असतील, सांग."

"किती, मावशी?"

"नऊ. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा एका सकाळी नऊ दिसायचे. आता अख्ख्या हिवाळ्यात नऊ. आणि त्यातली सात घरटी मीच उकरली."

"मग पुढच्या वर्षी उकरू नकोस."

"मी नाही उकरलं तर दुसरी उकरेल. मी एकटीनं थांबून काय होतंय?"

सोमिलने हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पुढे ते ऐकून ऐकून त्याचे कान किटणार होते, पण त्या दिवशी त्याला नुसते वाईट वाटले. तो म्हणाला, "मग दुसरीलाही सांगू. तिसरीलाही सांगू. तेल घालायला मी घरोघर जातोच की."

आणि खरेच तो घरोघर सांगत सुटला. बुधली तिरकी करायची, तेलाची धार लावायची आणि धार संपेपर्यंत कासवांविषयी बोलायचे. दोन हिवाळे त्याने असे काढले. वसुला थांबली, मग हळूहळू बाकीच्याही थांबल्या. बोधिसत्त्वाच्या वाणीने लोकांची मने पालटली, असे मला इथे म्हणता आले असते. खरे सांगायचे तर अंडी इतकी कमी झाली होती की दिवसभर काठी टोचून बाई रिकामी टोपली घेऊन घरी येई. मने पालटायला तेवढे पुरते.

इथे कथा संपली असती तर किती बरे झाले असते! पण माणसे एखादे वाईट काम सोडतात तेव्हा स्वस्थ बसत नाहीत. त्यांना लगेच काहीतरी चांगले करायचे असते, आणि तेही गाजावाजा करून.

शूर्पारकात बलमित्र नावाचा मोठा श्रेष्ठी होता. दहा गलबतांचा धनी, मनाने उदार आणि बोलायला कोणी समोर असले की थांबणे ठाऊक नसलेला. त्याने सभा भरवली आणि गहिवरून म्हणाला, "आपण या मुक्या जीवांची लेकरे खाल्ली. आता प्रायश्चित्त घेऊ. बिचारी पिल्ले काळोखात जन्माला येतात. त्यांना वाट कशी दिसणार? फाल्गुनात पिल्ले निघायच्या दिवसांत प्रत्येक घराने पुळणीच्या माथ्यावर एकेक पणती लावावी. मधोमध मी दीपमाळ उभारतो." लोकांचे डोळे पाणावले. सोमिलचेही पाणावले.

होय, सोमिलचेही. इथे बोधिसत्त्वाची चूक झाली आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हजार पणत्या, पंधरा रात्री, शिवाय ती दीपमाळ. सगळे तेल त्याच्याच घाण्याचे. ढवळ्याचा एक डोळा गेला होता, गुडघे सुजत होते, घाण्याभोवती फिरताना तो मधूनच थांबून धापा टाकी. दोन वर्षे हा उत्सव झाला की तरुण बैल घेता येईल आणि ढवळ्याला झाडाखाली बसवता येईल, असे नवरा-बायकोने ठरवले. सिरिमाने नव्या बैलासाठी घुंगुरमाळ ओवायलाही घेतली.

उत्सव फार देखणा झाला, हे मी नाकारत नाही. काळ्या वाळूच्या माथ्यावर पणत्यांची रांग, मागे गाणारी माणसे, मधोमध बलमित्राची दीपमाळ. आणि उजेड पुरता पडायच्या आत गावातल्या बायका खराटे घेऊन येत, पणत्या गोळा करीत, पुळण लख्ख झाडून काढीत आणि वर रांगोळी घालीत. पवित्र जागा ना, ती झाडायलाच हवी. त्या झाडण्याने काय पुसले जात होते, ते कोणाला दिसले नाही.

वसुलाला म्हातारपणी झोप कमी. उत्सवाच्या शेवटच्या पहाटे ती खराट्यांच्या आधी पुळणीवर पोहोचली आणि तशीच पळत घाण्यावर आली.

"सोमिला, ऊठ. माझ्याबरोबर चल. काही विचारू नकोस."

पुळणीवर नुकते उजाडू लागले होते. वसुलाने बोट दाखवले. एका घरट्यातून शंभरेक बारीक माग निघाले होते, शिवणीच्या टाक्यांसारखे, एकाला एक लागून. समुद्र समोर होता. माग समुद्राकडे गेले नव्हते. सगळेच्या सगळे मागे वळून पुळणीचा माथा चढले होते आणि एकेका पणतीपाशी जाऊन संपले होते. तिथे कावळे बसले होते. कुत्र्यांच्या पावलांचे ठसेही होते. थोडी पिल्ले अजून जिवंत होती आणि विझत आलेल्या वातींभोवती गरगर फिरत होती.

सोमिलला काही कळेना. "ही इकडे कशाला आली, मावशी?"

"पन्नास वर्षं मी या वाळूवर काढली, तरी मला आज कळलं," वसुला म्हणाली. "रात्री काळोखात समुद्र चकाकतो बघ. त्या जीवांना तेवढंच कळतं. जिकडे उजेड तिकडे पाणी. आपण उजेड उलट्या बाजूला लावला."

दोघांनी मिळून हाताला लागतील तेवढी पिल्ले टोपलीत घातली आणि पाण्याजवळ नेऊन सोडली. मग खराटे आले. बायकांनी कावळे हाकलले, वाळू झाडली, रांगोळी घातली. सोमिल सांगत होता, ओरडत होता, पण ती गर्दी, ती गाणी, कोण ऐकतो? सूर्य वर येईपर्यंत पुळण कोऱ्या पाटीसारखी झाली.

घरी येऊन तो सिरिमाला म्हणाला, "पुढच्या वर्षी उत्सवाला तेल द्यायचं नाही."

सिरिमाने घुंगुरमाळ खाली ठेवली. "आणि ढवळ्या?"

"तेच तर."

"तेच तर काय? त्याचे गुडघे बघितलेत? अहो, पिल्लांची दया येते तुम्हाला, मलाही येते. पण हा जीव आपल्या दारात उभा आहे त्याचं काय?"

सोमिल इतकेच म्हणाला, "माझ्या तेलानं ती मेली, सिरिमा. जाणूनबुजून पुन्हा कसं देऊ?" सिरिमाने घुंगुरमाळ उचलून फडताळात टाकली आणि दार आपटले. पण तेल दे असे ती पुन्हा म्हणाली नाही.

पुढचे वर्षभर सोमिल पुन्हा घरोघर फिरला. "पुळणीवरच्या पणत्या विझवा," असे तो म्हणे, आणि 'विझवा' हा शब्द ऐकताच बायका कानांवर हात ठेवीत. तेवता दिवा विझवायचा? लक्ष्मीच्या वेळी? हा तेली आहे की कोण आहे? पुरुष तेवढे चिडत नसत, ते समजुतीने बोलत, आणि ते जास्त त्रासदायक होते. कुंभार म्हणाला, "तू म्हणतोस ते खरं असेल, पण माझ्या एका पणतीनं काय होतंय?" सुतार म्हणाला, "आधी त्या दीपमाळेचं बघ, मग माझ्या पणतीचं." नावाडी म्हणाला, "सगळ्यांनी काढल्या की मीही काढीन." सगळ्यांनी! सगळे म्हणजे कोण, हे त्या नावाड्याला विचारावे असे मला आजही वाटते. हजार घरांत सोमिलला हजार एकेकटी माणसे भेटली. सगळे असे कोणीच भेटले नाही.

शेवटी तो बलमित्राकडे गेला. बलमित्राने त्याला पाट दिला, ताक दिले आणि बोलू दिले नाही. "सोमिला, मला कळलं. तुझा बैल थकला आहे, एवढं तेल आता तुला झेपत नाही. लाज कसली त्यात! मी कल्याणहून तेल मागवतो. तू निवांत राहा." सोमिलने कपाळाला हात लावला. बलमित्राला वाटले, आभार मानतो आहे.

कल्याणचे तेल आले. पणत्या लागल्या. तरुण बैल घ्यायचा बेत गेला तो गेलाच, आणि पिल्लेही वाचली नाहीत. पंधरा रात्री सोमिल आणि वसुला टोपल्या घेऊन पणत्यांच्या रांगेने वाकून वाकून फिरले आणि सापडतील ती पिल्ले पाण्याकडे नेत राहिले. तिसऱ्या रात्री सिरिमाही टोपली घेऊन आली. "झोप येत नव्हती म्हणून आले," ती म्हणाली, आणि पिल्ले उचलू लागली. लोक त्यांना बघून म्हणत, हे तेल्याचे बिऱ्हाड पिल्ले चोरते आहे वाटते.

त्या पावसाळ्यात ढवळ्या घाण्याभोवती फिरता फिरता खाली बसला. सोमिलने पाठीवरून हात फिरवला, सिरिमाने पेंड पुढे केली. तो बसला तो उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून नवरा-बायको स्वतः घाणा ओढू लागली.

हिवाळा आला. माग दिसले फक्त पाच. माघ संपत आला तेव्हा एका दुपारी वसुला घाण्यावर आली. दोघे जू खांद्यावर घेऊन गोल फिरत होती, आणि सोमिल प्रत्येक फेरीत वसुलासमोरून जाताना एकेक तक्रार सांगत होता. ऐकत नाहीत. पुढची फेरी. माणसे आहेत की दगड! पुढची फेरी. आता मी एक शब्द बोलणार नाही, मरू दे सगळे. बोधिसत्त्व असे बोलला का, असे विचारणाऱ्याने एक दिवस घाणा ओढून बघावा.

वसुलाने सात फेऱ्या ऐकून घेतले. मग म्हणाली, "थांब जरा. गरगर फिरून तुझं डोकंही फिरलंय. दोन वर्षं विझवा विझवा करत बसलास. कुठली बाई तेवता दिवा विझवेल? मी नाही विझवणार. अरे, आत घ्या म्हण ना! दिवा तोच, वात तीच, फक्त उंबऱ्याच्या आत. कोणाचं काय जातंय?"

सोमिल जागच्या जागी उभा राहिला. सिरिमाला हसू आले, आणि ढवळ्या गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

"पण एवढ्यानं ऐकतील का?" सोमिलने विचारले.

"नुसतं सांगून नाही ऐकणार. मी तुझं ऐकलं ते कशामुळं? मी माग मोजले होते म्हणून. त्यांनी कुठं मोजलेत? त्यांना दिसायच्या आधीच खराटा फिरतो. एक दिवस तो खराटा थांबव."

खराटा थांबवणे मात्र सोपे निघाले. सोमिल घरोघर जाऊन म्हणाला, "यंदा उत्सवाची पहिली पहाट आमच्याकडे. मी आणि माझी बायको पुळण झाडतो. तुम्ही आरामात उजाडल्यावर या आणि आपापल्या पणतीपाशी उभे राहा." बायकांना आनंद झाला. भल्या पहाटे उठून झाडायचे कोणाला आवडते? तेल्याला पश्चात्ताप झाला, असे गावात बोलले गेले.

उत्सवाच्या पहिल्या रात्री पाचांपैकी दोन घरटी फुटली. सोमिल, सिरिमा आणि वसुला टोपल्या घेऊन पुळणीवरच होती. पिल्लू पणतीपर्यंत पोहोचले की ते अलगद उचलायचे, आपले पाऊल मागावर पडू द्यायचे नाही, आणि दूर अंधारात पाण्याजवळ नेऊन ठेवायचे. कितीदा वाकले, किती पिल्ले नेली, याची गणतीच नव्हती. दीपमाळेपाशी मात्र त्यांचे हात अपुरे पडले. तिच्या उजेडाला इतकी पिल्ले आली की एक उचलेपर्यंत दोन निसटत.

उजाडल्यावर शूर्पारकचे लोक नटूनथटून आले. कोणी फुले आणली होती, कोणी लाह्या. प्रत्येक जण आपापल्या पणतीपाशी जाऊन उभा राहिला. सोमिलने भाषण केले नाही. तो म्हणाला, "कासवांची पिल्लं रात्री आली होती. कुठून आली आणि कुठं गेली, ते आपापल्या पायाशी बघा."

आधी कुजबुज झाली. मग कुंभाराने खाली पाहिले. घरट्यातून निघालेले माग वाळूवरून येऊन त्याच्या पणतीपाशी थांबले होते. तो बोटाने मोजू लागला. "सहा," तो म्हणाला. पलीकडे सुताराची बायको म्हणाली, "आमच्याकडे नऊ." नावाडी मोठ्याने म्हणाला, "माझ्याकडे दोनच आहेत!" आणि आपणच उच्चारलेले 'दोनच' ऐकून चपापला. मग रांगेने सगळेच वाकून मोजू लागले. समुद्राकडे गेलेला एकही माग कोणाला सापडला नाही.

बलमित्र दीपमाळेपाशी उभा होता. तिथे मोजता येईल असे काही नव्हतेच, सगळी वाळू मागांनी उसवली होती. दीपमाळेच्या पायथ्याशी तेलाने भरलेली मोठी पितळी परात ठेवलेली असे. त्या परातीत एक पिल्लू तरंगत होते. बलमित्राने ते उचलून तळहातावर घेतले, उपरण्याने पुसले, उलटे केले, पुन्हा पुसले. ते हलले नाही. इतका बोलणारा तो माणूस नुसता पुसतच राहिला.

"बाकीची कुठं आहेत?" शेवटी कुंभाराने विचारले.

"आम्ही उचलून पाण्यात नेली, जमतील तेवढी," सिरिमा म्हणाली. "गेल्या वर्षी कमी जमली. त्याच्या आधीच्या वर्षी शेवटच्या पहाटेपर्यंत कोणी नेलीच नाहीत."

तेव्हा सोमिल म्हणाला, "पणती विझवू नका. आत घ्या. समुद्राकडची दारं-खिडक्या पंधरा रात्री लावून घ्या, कुत्री बांधून ठेवा, आणि सकाळी झाडायच्या आधी एकदा बघून जा. एवढंच." हे इतके साधे होते की लोकांना थोडा रागच आला. एवढेसे करायचे होते तर हा माणूस दोन वर्षे काय बोंबलत होता?

त्या रात्री शूर्पारकची पुळण काळोखात राहिली. दोन घरांनी पणत्या लावल्याच, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्या उचलून त्यांच्या उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवल्या. पुढच्या पहाटे तिसऱ्या घरट्याचे माग सरळ पाण्यात गेले होते.

पुढच्या वर्षीच्या सभेत बलमित्राने काळोख पाळण्याची नवी प्रथा जाहीर केली. आपल्याला ती कशी सुचली, हे त्याने विस्ताराने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिरिमा नुसती धुमसत होती. "तुम्ही गप्प कसे बसलात? तुमची कल्पना, मावशींची कल्पना!"

"पिल्लांना कोणाची कल्पना ते विचारायचं नसतं," सोमिल म्हणाला आणि जू खांद्यावर घेतले. उत्सवाचे तेल कायमचे गेले होते. आणखी चार वर्षे दोघांनी घाणा ओढला, तेव्हा कुठे एक गोऱ्हा दारात आला.

आणि कासवे? पहिल्या हिवाळ्यात माग दिसले चार. लोक म्हणाले, एवढे करून वाढले कुठे? दुसऱ्या हिवाळ्यात पाच. लोक म्हणाले, उगीच काळोखात बसवले. पिल्लू मोठे होऊन त्याच पुळणीवर अंडी घालायला यायला पंधरा-सोळा वर्षे लागतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, सोमिललाही नाही. दर फाल्गुनात कोणीतरी पणती बाहेर आणायला निघे आणि दर फाल्गुनात सोमिल त्याच्या दारात जाऊन तेच सांगे. सहाव्या वर्षी वसुला गेली. जाण्याआधी तिने विचारले, "यंदा किती?" सोमिलने सांगितले, "सहा." ती म्हणाली, "खोटं बोलत नाहीस ना?" तो खोटे बोलत नव्हता.

सतराव्या हिवाळ्यात सोमिल आणि सिरिमा दोघेही काठी टेकत सकाळी पुळणीवर गेले. सोमिलने माग मोजायला सुरुवात केली. नऊ झाले. बारा झाले. एकविसावर तो थांबला, कारण त्याला पुढचे नीट दिसेना.

"मावशी असती तर काय म्हणाली असती?" तो म्हणाला.

"म्हणाली असती, एवढा उशीर का लावलास," सिरिमा म्हणाली, आणि उरलेले तिने मोजले.

आता शास्त्यांनी ही कथा कुठे सांगितली, ते. एका तळ्याकाठच्या विहारात शास्ते वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, होते. तळ्यात लव्हाळ्यांचे दाट बेट होते आणि त्यात सारसांची एक जोडी अंड्यांवर बसली होती. त्या प्रांतात सारस तेवढेच उरले होते. रोज धर्म ऐकायला येणारे लोक बसायला म्हणून वाटेत एकेक पेंढी लव्हाळा कापून आणीत. नंदक नावाचा भिक्खू त्यांना हात जोडून सांगे, "कापू नका, बेट उघडं पडतंय." आणि प्रत्येक जण म्हणे, "भंते, माझ्या एका पेंढीनं काय होतंय?" त्या दिवशी नंदक शास्त्यांपुढे येऊन मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मी हात टेकले. उद्यापासून मी त्या वाटेवर उभा राहणार नाही."

तेव्हा शास्त्यांनी सगळ्यांसमोर ही पूर्वजन्मीची हकिगत सांगितली आणि धागे जुळवून दिले. "त्या वेळी वसुला होती ती आज या विहाराचे अंगण झाडणारी म्हातारी उत्तरा. सिरिमा ही भिक्खुणी धम्मा. बलमित्र म्हणजे पहिल्या रांगेत बसलेला हा गृहपती सुदर्शन. शूर्पारकचे लोक म्हणजे तुम्हीच, इथे बसलेले. आणि सोमिल तेली मीच होतो."

नंदकाने मान वर केली. "भंते, आणि तो बैल?"

"तो तू होतास, नंदका. तेव्हाही असाच खाली बसलास आणि उठला नाहीस. या वेळी ऊठ."

कोणी हसले, आणि मग कोणी हसेना. लोक आपण कशावर बसलो आहोत, ते खाली पाहू लागले.

शास्ते म्हणाले, "ही क्षांतीची, सहनशीलतेची कथा आहे. मारणाऱ्यावर न रागावणे, ही तिची सोपी बाजू. ज्याला कळते पण जो वळत नाही, त्याच्या दारात उद्या पुन्हा जाणे, ही अवघड."

दुसऱ्या दिवशी लोक घरून घोंगड्या आणि गोणपाटे घेऊन आले. सगळे नव्हे, निम्मे. उरलेल्या निम्म्यांसाठी नंदक तिसऱ्या दिवशी सकाळीच तळ्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिला.